निकोलाय आनिचकोव्ह : सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालणारा शास्त्रज्ञ



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात रक्ततपासणीचा एक तरी कागद फाईलमध्ये असतोच. त्यावर कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल असे आकडे, आणि एखाद्या आकड्यापुढे ठळक अक्षरात खूण. मागच्या वर्षी नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं होतं, की कोलेस्टेरॉलमुळे रक्तवाहिन्या खराब होतात हे पहिल्यांदा कोणाला कळलं आणि कसं कळलं. नाव मी सांगितलं. पण ‘कसं’ या शब्दापाशी अडखळलो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. तिला उशिरा दिलेलं उत्तर आज तुमच्यासमोर मांडतोय.

निकोलाय निकोलायेविच आनिचकोव्ह यांचा जन्म 3 नोव्हेंबर 1885 रोजी रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात झाला. वडील सरकारच्या शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. (त्या शहरात घोड्यांच्या पुतळ्यांचा एक प्रसिद्ध आनिचकोव्ह पूल आहे. इंटरनेटवर शोधाल तर आधी तोच दिसेल! त्याचं नाव मात्र अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच एका आनिचकोव्हवरून पडलंय.) 1903 साली निकोलाय तिथल्या लष्करी वैद्यकीय अकादमीत दाखल झाले आणि 1909 मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा पाहायच्या हे ते शिकले अलेक्झांडर माक्सिमोव्ह या नामांकित शास्त्रज्ञाकडे. 1912 साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. त्याचा विषय होता हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. त्या कामात त्यांनी वर्णन केलेल्या पेशींना आजही ‘आनिचकोव्ह पेशी’ म्हणतात. म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कामाआधीच हा तरुण वैद्यकाच्या पुस्तकात जाऊन बसला होता.

आता त्या काळची समजूत काय होती ते बघा. धमन्यांच्या आतल्या बाजूला पिवळसर थर साठतो, धमनी कडक आणि अरुंद होते, हे डॉक्टरांना शवविच्छेदनातून चांगलं ठाऊक होतं. पण बहुतेकांच्या मते ते वय झाल्याचं लक्षण होतं. केस पिकतात, त्वचेला सुरकुत्या पडतात, तशा धमन्याही कडक होतात, एवढंच. म्हातारपणाला कोण औषध देणार?

अकादमीतल्याच इग्नातोव्हस्की नावाच्या डॉक्टरांना हे पटलं नव्हतं. 1908 च्या सुमारास त्यांनी सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली. गवत खाणाऱ्या प्राण्याला अंडी! पण काही काळाने सशांच्या महाधमनीत माणसासारखेच पिवळे डाग दिसले. इग्नातोव्हस्कींनी निष्कर्ष काढला की दोष प्राणिज प्रथिनांचा आहे. तेव्हा मेचनिकोव्ह या मोठ्या शास्त्रज्ञाचं मतही असंच काहीसं होतं, की प्राणिज प्रथिनं शरीरात विषासारखी काम करतात आणि म्हातारपण लवकर आणतात. त्यामुळे प्रथिनांचं स्पष्टीकरण सगळ्यांना सोयीचं वाटलं.

इथे थोडं थांबूया. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रयोग बरोबर होता, निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष तेवढा चुकला होता. आपण वर्गात प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने आखायला सांगतो ना, त्या दोन रकान्यांमधल्या रेघेवर ही सगळी गोष्ट उभी आहे. अंड्यात प्रथिनं असतात, हे खरं. पण अंड्यात फक्त प्रथिनंच असतात का?

पुढचं पाऊल स्टुकी या संशोधकाने टाकलं. त्याने पदार्थ वेगवेगळे करून दिले. पिवळा बलक किंवा मेंदू खाल्लेल्या सशांच्या धमन्या बिघडल्या. अंड्याचा पांढरा भाग खाल्लेल्यांच्या बिघडल्या नाहीत. आता पांढऱ्या भागात तर प्रथिनं भरपूर! म्हणजे गुन्हेगार बलकात लपलेला होता. योगायोग असा, की त्याच सुमारास, 1910 मध्ये, जर्मनीत आडोल्फ विंडाउस यांनी माणसाच्या रोगट महाधमनीचं रासायनिक पृथक्करण केलं. तिच्यात निरोगी महाधमनीच्या वीसपटीहून जास्त कोलेस्टेरॉल-संयुगं निघाली.

मग आनिचकोव्ह आणि त्यांचे तरुण सहकारी सेम्योन खालातोव्ह यांनी बलकातून शुद्ध कोलेस्टेरॉल वेगळं काढलं, सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलं आणि सशांना रोज दिलं. दुसऱ्या काही सशांना नुसतं सूर्यफुलाचं तेल दिलं, त्यात कोलेस्टेरॉल नाही. बाकी सगळं सारखंच. काही आठवड्यांतच पहिल्या गटातल्या सशांच्या महाधमनीत पिवळे थर दिसू लागले. नुसतं तेल घेणाऱ्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. 1913 साली हे काम जर्मन नियतकालिकात छापून आलं, तेव्हा आनिचकोव्ह जेमतेम 27 वर्षांचे होते.

नुसत्या तेलाचा तो दुसरा गट नसता तर कोणीही सहज म्हणालं असतं, की हा तेलाचाच परिणाम आहे. मुलांना ‘तुलनेचा गट’ समजावताना मी पूर्वी कुंडीतल्या रोपांचं उदाहरण द्यायचो. हल्ली हे ससे सांगतो. मुलं विसरत नाहीत.

आनिचकोव्ह एवढ्यावर थांबले नाहीत. माक्सिमोव्हकडे शिकलेली नजर इथे कामी आली. थर जमण्याची सुरुवात कशी होते हे त्यांनी टप्प्याटप्प्याने पाहिलं. चरबीचे थेंब पोटात घेऊन फुगलेल्या पेशी त्यांना दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. धमनीला जिथे फाटे फुटतात तिथे थर आधी आणि जास्त जमतात, हेही त्यांनी नोंदवलं. कोलेस्टेरॉल देणं बंद केलं की थरातली चरबी हळूहळू कमी होते, हेसुद्धा. म्हणजे ज्याला लोक म्हातारपण म्हणत होते ते काही अंशी मागे फिरू शकत होतं!

एवढं सगळं 1913 नंतरच्या काही वर्षांत माहीत झालं, तर मग जगाने डोक्यावर घ्यायला हवं होतं की नाही? तसं झालं नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांनी हाच प्रयोग उंदीर आणि कुत्र्यांवर केला, आणि त्यांच्या धमन्यांना काहीच झालं नाही. झालं! ससा गवत खाणारा, त्याला अंडी पचणारच नाहीत, त्याच्यावरून माणसाबद्दल काय ठरवायचं, असा सूर लागला. हा आक्षेप मूर्खपणाचा नव्हता बरं का. आपल्या वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने तो घेतला तर आपण त्याला शाबासकीच देऊ. पण चूक उलट्या बाजूने होती. उंदीर आणि कुत्रे जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर करून ते बाहेर टाकण्यात तरबेज असतात, त्यामुळे त्यांच्या रक्तात ते फारसं वाढतच नाही. 1946 मध्ये अमेरिकेत स्टायनर आणि केंडॉल यांनी कुत्र्यांच्या थायरॉइडचं काम औषधाने मंदावलं आणि मग कोलेस्टेरॉल दिलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल चढलं आणि कुत्र्यांच्याही धमन्या बिघडल्या. रक्तात किती चढतं हा खरा मुद्दा होता, प्राणी कोणता हा नव्हे.

आनिचकोव्ह स्वतःही कोलेस्टेरॉल हे एकमेव कारण मानत नव्हते. रक्तदाब, धमनीच्या भिंतीची स्थिती वगैरे गोष्टींचाही हातभार लागतो, पण कोलेस्टेरॉलशिवाय हा रोग घडत नाही, असं त्यांचं मत होतं. एवढं मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाला पुढे लोकांनी एककल्ली ठरवलं, याचं मला वाईट वाटतं.

त्यांच्या बाकीच्या आयुष्याबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी इस्पितळ-रेल्वेवर काम केलं. 1920 पासून ते अकादमीत प्राध्यापक होते. 1942 मध्ये त्यांना स्टालिन पुरस्कार मिळाला आणि 1946 ते 1953 या काळात ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. मायदेशात मान कमी नव्हता. पण त्यांचं सुरुवातीचं लेखन जर्मन आणि रशियन भाषेत होतं. 1933 मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या एका मोठ्या ग्रंथात त्यांचं इंग्रजी प्रकरण आलं, तेव्हा कुठे इंग्रजी वाचणाऱ्यांना हे काम सविस्तर कळलं. (जर्मन पद्धतीने त्यांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, म्हणून जुन्या आणि नव्या पुस्तकांत ते दोन माणसं असल्यासारखे भेटतात.)

खरी कलाटणी 1950 मध्ये मिळाली, आणि त्यातही ससे होतेच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे जॉन गॉफमन यांनी आनिचकोव्हसारखंच सशांना कोलेस्टेरॉल दिलं आणि त्यांचं रक्त अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातलं. घरी ताक घुसळलं की लोणी वर येतं, तसे रक्तातले हलके कण वर तरंगले. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. मिसळीवर तर्री तरंगते तसंच ते रक्तातही वेगळं राहिलं असतं. म्हणून शरीर त्याला प्रथिनांच्या वेष्टनात घालून पाठवतं. हीच लिपोप्रोटीनं. गॉफमनना दिसलं की हे कण एका जातीचे नाहीत, आणि धमनी किती बिघडेल हे कोणत्या जातीचे कण किती आहेत यावर बरंच अवलंबून आहे. आपल्या कागदावरचे एलडीएल, एचडीएल हे वेगळे रकाने याच वाटेने आले.

त्यानंतर मात्र वाऱ्याची दिशा बदलली. 1958 मध्ये विल्यम डॉक या अमेरिकन डॉक्टरांनी आनिचकोव्हच्या कामाची तुलना थेट रक्ताभिसरण शोधणाऱ्या हार्वेच्या कामाशी केली. 1998 मध्ये फ्रीडमन आणि फ्रीडलंड यांनी वैद्यकातल्या दहा सर्वांत मोठ्या शोधांवर पुस्तक लिहिलं, त्यात हार्वे, जेन्नर, फ्लेमिंग यांच्या रांगेत आनिचकोव्ह आहेत.

तुमच्या वर्गात कोणी विचारलंच, की मग त्यांना नोबेल का नाही मिळालं, तर एवढं सांगा. 1964 चं वैद्यकाचं नोबेल शरीरात कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं कशी तयार होतात या शोधासाठी कॉनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना मिळालं. समारंभ नेहमीप्रमाणे 10 डिसेंबरला झाला. आनिचकोव्ह त्याच्या तीन दिवस आधी, 7 डिसेंबरला, लेनिनग्राडमध्ये वारले.