गांधीजी आणि मेहेरबाबा ज्या बोटीवर भेटले ती बोट बुडाली, पण तिची आठवण नगरजवळ कशी टिकली?

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही अटलांटिकच्या तळाशी गेलेल्या एका मोठ्या प्रवासी बोटीची आठवण नगरजवळच्या एका माळरानाशी जोडलेली आहे.

बोटीचं नाव ‘राजपुताना’. माळरान अरणगावचं. आणि या दोघांना जोडणारा माणूस होता आयुष्याची शेवटची ४४ वर्षं एकही शब्द न बोललेला, मेहेरबाबा.

पुण्यातला मेरवान

मेहेरबाबांचं मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म २५ फेब्रुवारी १८९४ चा, पुण्यातल्या एका इराणी झरतुष्ट्री कुटुंबातला. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि मग डेक्कन कॉलेजात झालं.

कॉलेजात असतानाच पुण्याच्या कॅम्पात कडुनिंबाच्या झाडाखाली राहणाऱ्या हजरत बाबाजान यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि आयुष्याची दिशाच बदलली. पुढे ते शिर्डीच्या साईबाबांकडे आणि शिर्डीशेजारच्या साकोरीच्या उपासनी महाराजांकडे गेले. म्हणजे नगर जिल्ह्याशी त्यांचं नातं इथूनच सुरू झालं.

१९२३ मध्ये ते शिष्यांसह अरणगावला आले. नगर-दौंड रस्त्यावर, रेल्वे रुळाच्या कडेला पहिल्या महायुद्धातली ब्रिटिशांची एक लष्करी छावणी ओस पडली होती. तीच जागा पुढे मेहेराबाद झाली. तिथे शाळा निघाली, मोफत दवाखाना चालला, जातपात न पाहता गावातली मुलं एकत्र शिकू लागली.

एकाच वर्षी सुरू झालेल्या दोन गोष्टी

१० जुलै १९२५ ला मेहेरबाबांनी मेहेराबादमध्ये मौन धरलं. ते त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. आधी ते लिहून सांगायचे. १९२७ च्या सुरुवातीला लिहिणंही थांबवलं आणि इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायला सुरुवात केली. शेजारी बसलेला शिष्य ती अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायचा.

हे मौन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ६ ऑगस्ट १९२५ ला स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकच्या गोदीतून एक नवी बोट पाण्यात उतरली. पी अँड ओ कंपनीची, साधारण साडेसोळा हजार टनांची ‘राजपुताना’. इंग्लंड ते मुंबई अशी टपाल आणि प्रवाशांची ने-आण करणं हे तिचं काम. तिच्या आणखी तीन बहिणी होत्या: रांची, रणपुरा आणि रावळपिंडी.

१९३१ चा तो प्रवास

२९ ऑगस्ट १९३१ ला गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ने निघाले. सोबत महादेवभाई देसाई, मीराबेन, देवदास, प्यारेलाल होते. पंडित मालवीय आणि सरोजिनी नायडूही याच बोटीवर होते. गांधीजींचा मुक्काम दुसऱ्या वर्गात. आपल्या लोकांनी नको तेवढं सामान आणलंय हे पाहून ते वैतागले आणि त्यातलं बरंचसं एडनहून परत पाठवलं.

याच बोटीवर मेहेरबाबाही होते. पश्चिमेकडचा त्यांचा हा पहिलाच प्रवास. कराचीचे लोकनेते जमशेद मेहता यांनी गांधीजींना तार करून मेहेरबाबांना भेटायला सुचवलं होतं. ८ सप्टेंबरला गांधीजी मेहेरबाबांच्या केबिनमध्ये गेले. मेहेरबाबांच्या बाजूच्या नोंदींनुसार बोटीवर दोघांच्या तीन भेटी झाल्या आणि त्यातली एक तीन तास चालली. आपल्या अप्रकाशित ग्रंथाची काही पानं मेहेरबाबांनी गांधीजींना वाचायला दिली, असंही या नोंदी सांगतात. त्या ग्रंथाचं हस्तलिखित आज कुठे आहे, हे कोणालाच माहीत नाही.

इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी या भेटींना भरपूर जागा दिली. त्यावर गांधीजींच्या गोटातून खुलासा आला, की गांधीजींनी मेहेरबाबांकडे मदत किंवा आध्यात्मिक सल्ला मागितलेला नाही. म्हणजे भेट झाली हे दोन्ही बाजूंना मान्य, पण तिचा अर्थ मात्र दोघांचा वेगळा.

बोटीचं काय झालं?

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश नौदलाने अशा अनेक प्रवासी बोटी ताब्यात घेतल्या. त्यांच्यावर तोफा बसवून त्यांना मालवाहू ताफ्यांच्या राखणीला पाठवलं. पण या बोटी काही युद्धनौका म्हणून बांधलेल्या नव्हत्या. त्यांना चिलखत नव्हतं आणि आकार मोठा असल्याने शत्रूला त्या सहज दिसायच्या.

‘रावळपिंडी’ नोव्हेंबर १९३९ मध्येच जर्मन युद्धनौकांच्या माऱ्यात बुडाली. १३ एप्रिल १९४१ ला ‘राजपुताना’ची पाळी आली. आइसलँडच्या पश्चिमेला यू-१०८ या जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने तिचा वेध घेतला. ४२ जण गेले. त्यात प्रवासी बोट असतानाचे तिचे शेवटचे कप्तान रिचर्डसनही होते. २८३ जणांना ‘लीजन’ या विनाशिकेने वाचवलं.

गांधीजींचा डेक आणि मेहेरबाबांची केबिन, सगळंच समुद्राच्या तळाशी गेलं.

मग आठवण टिकली कशी?

लिहून ठेवणाऱ्यांमुळे. गांधीजींच्या बाजूने महादेवभाईंनी या प्रवासाचा वृत्तांत लिहिला. मेहेरबाबांच्या बाजूने हे काम त्यांचे सचिव फ्रामरोझ दादाचांजी यांनी केलं. सगळे त्यांना चांजी म्हणत. पाटीवरची अक्षरं बोट सरकलं की पुसली जायची. चांजींनी ती वहीत उतरवली नसती, तर त्या केबिनमधली एक बाजू कायमची गेली असती. चांजी १९४४ मध्ये काश्मीरमध्ये वारले. पुढे शिष्य भाऊ कलचुरी यांनी अशाच जुन्या नोंदींच्या आधारे मेहेरबाबांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिलं.

मेहेरबाबा स्वतः नंतर अनेकदा परदेशी गेले. १९५२ मध्ये अमेरिकेत आणि १९५६ मध्ये साताऱ्याजवळ त्यांच्या मोटारीला मोठे अपघात झाले. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी अक्षरांची पाटीही सोडली आणि फक्त हातवारे ठेवले. ३१ जानेवारी १९६९ ला पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझाद इथे त्यांचं निधन झालं. समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे.

आता नगरचा अवतार मेहेरबाबा ट्रस्ट त्यांचे कपडे, वस्तू, पत्रं आणि छायाचित्रं जतन करतो. दरवर्षी ३१ जानेवारीच्या अमरतिथीला देश-विदेशातून हजारो लोक मेहेराबादला येतात. त्यांच्यासाठी ‘राजपुताना’ म्हणजे बाबांना पहिल्यांदा पश्चिमेकडे नेणारी बोट. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ती गोलमेज परिषदेची बोट. आणि त्या ४२ जणांच्या घरच्यांसाठी ती परत न आलेली बोट.

बोट एकच, पण जो तो आपापला भाग सांभाळून आहे. तिची पूर्ण गोष्ट कळायची, तर हे तिन्ही भाग एकत्र वाचावे लागतात.