विश्लेषण : आखडलेल्या मांड्यांना ताण कसा द्यायचा? हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणारे लोणावळ्याचे कुवलयानंद कोण होते?

आषाढात खालापूर तालुक्यातल्या खाचरांत भाताची लावणी सुरू झाली, की माणसे दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभी असतात. गुडघे जवळजवळ सरळ, पाठ आडवी, पाय रुतलेले. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांडीच्या मागची शीर धरते, पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि सकाळी अंथरुणातून उठणे जिवावर येते. खोपोलीच्या कारखान्यांत आठ-आठ तास उभ्याने पाळी करणाऱ्यांची तक्रारही फारशी वेगळी नसते. फिजिओथेरपिस्टकडे गेले तर सल्ला ठरलेला : ताण सावकाश द्या, झटका देऊ नका, त्या स्थितीत थोडे थांबा, श्वास कोंडू नका.

हा सल्ला आता इतका सरावाचा झाला आहे, की तो कधीतरी कुणीतरी तपासून पाहिला असेल, हे लक्षातही येत नाही. खोपोलीहून बोरघाट चढून गेले, की लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था लागते. शरीर ताणून स्थिर ठेवले तर आत काय घडते, हे यंत्रांनी मोजण्याचे काम तिथे १०० वर्षांपूर्वी सुरू झाले. ते सुरू करणारे स्वामी कुवलयानंद मुळात आखाड्यातले होते.

आखाड्यातला तरुण योगाकडे कसा वळला?

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. संस्कृतात ते हुशार होते. १९०३ साली मॅट्रिकला त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याच्या कॉलेजात शिकत असताना अरविंद घोष यांचा आणि पुढे टिळकांच्या राजकारणाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. देश उभा करायचा तर आधी शरीरे उभी केली पाहिजेत, हा त्या पिढीचा आवडता विचार होता आणि गुणे त्यातलेच.

१९०७ ते १९१० या काळात ते बडोद्यातल्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शिकले. तिथे जोर, बैठका, लाठी, मल्लखांब हे सारे होतेच. मुरगळलेला पाय, निखळलेला सांधा, मालिश यांचे ज्ञानही तेव्हा आखाड्यांतच असे. फिजिओथेरपी हा शब्द आपल्याकडे रुळायला अजून बराच अवकाश होता. भारतात या विषयाचे औपचारिक शिक्षण मुंबईत सुरू झाले ते १९५०च्या दशकात, पोलिओग्रस्त मुलांच्या निमित्ताने.

पुढे गुणे खान्देशात अमळनेरला शिक्षक झाले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही. १९२०च्या सुमारास ते महाविद्यालय सरकारी रोषामुळे बंद पडले. त्याआधीच, १९१९ मध्ये, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजी या वृद्ध बंगाली योग्याशी त्यांची गाठ पडली होती. माधवदासजींनी त्यांना योगक्रिया शिकवल्या. त्या करताना शरीरात जे जाणवत होते, त्याचा उलगडा गुण्यांच्या आखाडी व्यायामशास्त्रात होईना. बैठका मारल्या की दम लागतो, घाम येतो, स्नायू फुगतो. इथे यातले काहीच घडत नव्हते आणि तरी शरीर बदलत होते. दुसऱ्या कुणी हा गुरूचा प्रसाद मानून सोडून दिला असता. गुणे डॉक्टरांकडे गेले.

क्ष-किरणांखाली काय दिसले?

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी काही विद्यार्थ्यांवर पहिले प्रयोग केले. क्ष-किरण तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. योगी माणसाला त्या यंत्रापुढे उभा करणे दोन्ही बाजूंना विचित्र वाटणारे होते. साधूंच्या लेखी तो विद्येचा अपमान होता, तर डॉक्टरांच्या लेखी वेळेचा अपव्यय.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांवरचे प्रयोग आहेत. बस्ती करताना आतड्यात पाणी वर ओढले जाते ते कशाने, हा त्यातला प्रश्न होता. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यातला दाब मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, म्हणजे आत अंशतः निर्वात स्थिती तयार होते, असे दिसले. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. पाठोपाठ सर्वांगासन, मत्स्यासन यांचा रक्तदाबावर होणारा परिणाम मोजला गेला. मग प्राणायामातल्या वायूंची पाळी आली.

आज या प्रयोगांकडे पाहिले तर उणिवा लगेच नजरेत भरतात. माणसे मोजकी आणि तीही सराव असलेली, बहुधा आश्रमातलीच. तुलनेसाठी दुसरा गट नाही. अर्थात तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची पद्धत खुद्द वैद्यकातही १९४० नंतरच रुळली. लोणावळ्याचा वेगळेपणा असा, की आकडे, आलेख आणि पद्धत छापून लोकांपुढे ठेवली जात होती. ज्याला चूक काढायची त्याला ती काढता येत होती.

आसन आणि व्यायाम यांत त्यांनी फरक कोणता केला?

पायांच्या दुखण्याशी थेट संबंध येतो तो इथे. कुवलयानंदांचे ‘आसने’ हे इंग्रजी पुस्तक १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्यात आणि पुढे डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेल्या, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९६३ मध्ये काढलेल्या योगोपचारावरच्या पुस्तकात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. आसन म्हणजे स्नायूंची कसरत नाही. आसनात स्नायूला सावकाश ताणून स्थिर ठेवायचे असते आणि त्याचा खरा परिणाम होतो तो मज्जासंस्थेवर, स्नायूच्या मूळ ताठरपणावर. पतंजलीने आसनाचे वर्णन करताना स्थैर्य, सुख आणि प्रयत्न सैल सोडणे यांवर भर दिला आहे. कुवलयानंदांनी त्याचा अर्थ शरीरशास्त्राच्या भाषेत लावायला घेतला.

योगायोग पाहा. कैवल्यधाम स्थापन झाले त्याच १९२४ साली इंग्लंडमध्ये लिडेल आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी स्नायूच्या ताण-प्रतिक्षेपावरचा निबंध प्रसिद्ध केला. स्नायूच्या आत बारीक संवेदक असतात. स्नायू एकदम ताणला गेला, की ते पाठीच्या कण्याकडे संदेश धाडतात आणि उत्तरादाखल तोच स्नायू आकसतो. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच कारणाने. म्हणजे वाकून पायाचे अंगठे धरताना जो हिसके देतो, तो एका हाताने दोरी ओढतो आणि दुसऱ्या हाताने ती आवळतो. ताण हळूहळू वाढवला, तर हा प्रतिकार कमी राहतो.

कुवलयानंदांच्या सूचना याच्याशी जुळणाऱ्या आहेत. पश्चिमतानात गुडघ्यामागच्या शिरा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचे स्नायू, ताणले जातात. तिथे कपाळ गुडघ्याला टेकवण्याचा हट्ट धरायचा नाही. हलासन तर त्यांनी टप्प्याटप्प्याने शिकवले. पाय डोक्यामागे थोडे, मग आणखी थोडे. प्रत्येक टप्प्यावर ताण कण्याच्या वेगळ्या भागावर येतो आणि तिथे थांबायचे. जोर-बैठकांवर वाढलेल्या माणसाने हे लिहावे यात त्यांचा स्वतःचा प्रवास दिसतो. आखाड्याला त्यांनी कमी लेखले नाही. दोन्ही करा, पण एकाला लागून दुसरे करू नका, असे त्यांचे सांगणे होते.

पायांबाबत ते चुकले कुठे?

पद्मासन, सिद्धासन अशा ध्यानाच्या आसनांबद्दल त्यांची एक उपपत्ती होती. मांडी घालून बसल्याने पायांकडचे रक्ताभिसरण मंदावते आणि ते रक्त ओटीपोटाच्या भागाला अधिक मिळते, म्हणून तिथल्या मज्जातंतूंना फायदा होतो. ऐकायला पटणारी, पण पोटातल्या दाबासारखी मोजून सिद्ध केलेली नव्हे. अंतःस्रावी ग्रंथींवर आसनांचा परिणाम सांगतानाही त्यांची लेखणी पुराव्याच्या थोडी पुढे धावते.

पायांवर दीर्घकाळ भार टाकून बसण्यात धोकाही असतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात, तासन्‌तास गुडघे मुडपून टाचांवर बसल्याने पाऊल लुळे पडलेल्या रुग्णाची नोंद छापून आली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वरून एक मज्जातंतू पायाकडे जातो. तो दाबला गेला की पाऊल वर उचलता येत नाही. उकिडवे बसून काम करणाऱ्यांनाही हे होते. पाश्चात्त्य वैद्यकात त्याला स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या नावाने ओळखतात. कोकणात तासन्‌तास उकिडवे बसून बेणणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. पायाला मुंग्या आल्या, तर त्या सहन करण्यात पराक्रम नाही, उठून चार पावले चालावे.

लोणावळ्याला कोण कोण आले?

१९२७ मध्ये गांधीजींची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. दोघांत आसनांविषयी पत्रव्यवहार झाला. १९३०च्या दशकात येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन इथे शिकून गेले आणि १९३७ मध्ये त्यांचे योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनावरचे पुस्तक आले. त्याच दशकात कोलंबिया विद्यापीठाच्या जोसेफिन रॅथबोन आल्या. शरीराची ठेवण सुधारणारे व्यायाम हा त्यांचा विषय होता. पुढे १९५४ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या संस्थापकांत त्या होत्या. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकी संशोधक सोबत यंत्रे घेऊन भारतात हिंडले, तेही लोणावळ्यात काम करून गेले. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांचे हृदय प्रत्यक्षात चालूच असते, हा त्यांचा निष्कर्ष. चमत्कारांशी देणेघेणे नसलेल्या कुवलयानंदांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

मुंबईत १९३६ मध्ये चौपाटीजवळ आरोग्य केंद्र, १९५०च्या सुमारास लोणावळ्यात योग महाविद्यालय, नंतर रुग्णालय असा संस्थेचा विस्तार होत गेला. शाळांतल्या मुलांसाठी त्यांनी सामुदायिक योग व्यायामाचा अभ्यासक्रमही आखला. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीचे काम त्यांनी केले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘योगमीमांसा’ आजही निघते.

मग ताण दिल्याने दुखणे थांबते का?

कुवलयानंद हयात असतानाच, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत हर्बर्ट डी व्ह्रीस यांनी हिसके देत ताणणे आणि स्थिर ताण यांची तुलना केली. त्यातल्या स्थिर ताणाच्या क्रिया आसनांच्या जातीच्याच होत्या. लवचिकता दोन्ही पद्धतींनी सारखीच वाढली, पण स्थिर ताणात इजेचा आणि अंगदुखीचा धोका कमी, म्हणून ती पद्धत बरी, असे त्यांनी सांगितले. जगभरच्या व्यायामशाळांत ती रुजली.

दुखण्याच्या बाबतीत मात्र निकाल निराशाजनक आहे. सवय नसलेल्या कामानंतर एक ते तीन दिवसांनी जो ठणका लागतो, त्यावर ताण देण्याचा काय परिणाम होतो, हे २०११ मध्ये १२ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. १०० गुणांच्या मापावर वेदना सरासरी अर्ध्या-एका गुणाने कमी झाली. त्यातल्या एका मोठ्या अभ्यासात फरक चार गुणांचा होता. म्हणजे लावणीच्या दुसऱ्या दिवशीचा ठणका ताण देऊन फारसा हटणार नाही. तो आपोआप, शरीराला कामाची सवय होत जाते तसा ओसरतो.

लवचिकतेचे कोडे त्याहून रंजक आहे. काही आठवडे ताण दिल्यावर माणूस अधिक वाकू लागतो, तेव्हा स्नायू लांब झाला असे आपण समजतो. अलीकडच्या संशोधकांच्या मते, निदान थोड्या आठवड्यांच्या सरावात, बदलते ती मुख्यतः ताण सोसण्याची मर्यादा. तोच स्नायू तेवढाच ताणला जातो, पण मज्जासंस्था ‘पुरे’ असे उशिरा सांगते. आसनाचा परिणाम स्नायूपेक्षा मज्जासंस्थेवर अधिक, हे कुवलयानंदांचे म्हणणे त्यांनी दिलेल्या सगळ्या कारणांसकट टिकलेले नाही, पण संशोधनाची दिशा आज त्याच बाजूला आहे. ही सोसण्याची मर्यादा मेंदूत बदलते की कण्यात, यावर अजून काम चालू आहे.