फ्रेडरिक डग्लस : गुलाम आणि राज्यघटना

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात गावोगावी लोक एकत्र जमून एक जुने भाषण आळीपाळीने वाचतात. गुलामाला या उत्सवाचे काय, असा जाब फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे त्या भाषणात विचारला होता. मात्र त्याच भाषणात त्यांनी देशाच्या राज्यघटनेची बाजूही घेतली. हे कोडे त्यांच्या चरित्रातच उलगडते.

डग्लस यांचा जन्म १८१८ च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम आईच्या पोटी झाला. जन्मतिथी त्यांना कधीच कळली नाही. बाल्टिमोर येथे मालकिणीने मुळाक्षरे शिकवली. मालकाने ते शिक्षण बंद पाडले. तेव्हा रस्त्यावरील गोऱ्या मुलांना पाव देऊन या मुलाने वाचन पुरे केले. १८३८ साली खलाशाच्या वेषात आगगाडीने ते निसटले. १८४५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध होताच पकडले जाण्याचे भय वाढले, म्हणून ते इंग्लंडला गेले. तेथील स्नेह्यांनी पैसे भरून त्यांची मुक्तता करविली.

त्यांचे मार्गदर्शक गॅरिसन हे राज्यघटना गुलामगिरीला पाठीशी घालणारी म्हणून त्याज्य मानीत. डग्लसही आरंभी तेच सांगत. पण स्वतःचे वृत्तपत्र चालविताना त्यांनी घटनेचा कसून अभ्यास केला आणि १८५१ साली आपले मत बदलल्याचे उघड जाहीर केले. घटनेत गुलाम हा शब्दच नाही, तेव्हा तिच्या आधारेच ही प्रथा मोडता येईल, असे त्यांना पटले होते. यापायी गुरूशी वितुष्ट आले, तरी ते मागे हटले नाहीत. यादवी युद्धात त्यांचे दोन पुत्र सैन्यात लढले. १८६५ साली घटनादुरुस्तीनेच गुलामगिरी संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या कार्यात झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केला, तो डग्लस यांच्या हयातीतच. २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते निवर्तले.

१८७६ साली वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांचा पुतळा उभारला गेला. लिंकन उभे, आणि पायाशी गुडघ्यावर असलेला गुलाम. अनावरणाचे भाषण डग्लस यांनीच केले. पण पुढे काही दिवसांनी वृत्तपत्राला पत्र लिहून, एकट्या पुतळ्यात सारे सत्य मावत नाही, असे कळविले. २०२० साली तो पुतळा हटवावा की ठेवावा, यावर वाद पेटला, तेव्हा हे विस्मृत पत्र पुन्हा उजेडात आले. आज तेथे दोन्ही पक्ष डग्लस यांना आपले म्हणतात. एक त्यांचा जाब तेवढा आठवतो, दुसरा त्यांची घटनानिष्ठा. डग्लस यांनी मात्र दोन्ही एकाच भाषणात सांगितल्या होत्या.