कर्मवीर भाऊराव पाटील

एकाच जातीचे बी दोन शेतांत पेरले; त्यांपैकी एका शेताला पाटाचे पाणी मिळाले आणि दुसरे कोरडवाहू राहिले, तर दोन्ही शेतांत सारखेच पीक येईल काय? या प्रश्नाचे उत्तर कोणताही शेतकरी देईल. कोरडवाहू शेतातील कणसे बारीक राहिली, म्हणून तो बियाण्याला दोष देणार नाही. परंतु मुलांच्या बाबतीत मात्र हा साधा विचार समाज दीर्घकाळ विसरला होता. खेड्यातील गरिबांची मुले शिकत नाहीत, त्या अर्थी त्यांना बुद्धीच नसावी, अशी समजूत दृढ झाली होती. ही समजूत आपल्या आयुष्यभराच्या कार्याने खोटी ठरविणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे वडील पायगोंडा पाटील हे सरकारी नोकरीत कारकून होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले व राजाराम हायस्कुलात दाखल झाले. राहण्याची सोय जैन वसतिगृहात होती. पुस्तकांपेक्षा कुस्तीच्या आखाड्यात त्यांचे मन अधिक रमे. अभ्यासात ते फारसे चमकले नाहीत. मात्र त्या नगरीने त्यांना पुस्तकाबाहेरचा एक मोठा धडा दिला. कोल्हापुरात त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याची व जेवणाची सोय झाल्याखेरीज शाळेचे दार त्याच्यासाठी उघडत नाही, हे ओळखून महाराजांनी निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली होती.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी असेच एक वसतिगृह निघाले, तेव्हा त्या समारंभास भाऊराव आवर्जून गेले. परत येताच शुद्धीसाठी स्नान करण्याची आज्ञा त्यांना झाली. आपल्यासारख्याच मुलांच्या सहवासाने माणूस अशुद्ध होतो, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे मॅट्रिकची परीक्षाही ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत.

पोटासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. पुढे कंदील, नांगर अशा मालाच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीत त्यांनी खेड्यांतील दैन्य जवळून पाहिले. ज्या घरात शिकवणी ठेवण्याची ऐपत असे, तेथील मुलगा मंद असला तरी हळूहळू वरच्या वर्गात जाई. उलट, शेतमजुराचा मुलगा कितीही तल्लख असो, त्याच्या गावी शाळाच नसे. शाळा असलीच तर तो सकाळी गुरे वळावयास जाई. कारण त्याच्या हातची मजुरी बुडाली, तर घरची चूल पेटणे कठीण होई. चौथी इयत्ता संपली की पुढची शाळा दूरच्या गावी. तेथे राहावयाचे कोठे, खावयाचे काय आणि फी कोठून भरावयाची? त्यातही जो अस्पृश्य मानला जाई, त्याला वर्गाबाहेर बसावे लागे. मुलगा अभ्यासात मागे पडे तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. धावण्याची शर्यत सुरू होण्यापूर्वीच त्याचे पाय बांधलेले असत.

हे पाश तोडावयाचे, असा निश्चय करून भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

मुले वाढत चालली. कोठीतील धान्य मात्र कमी पडू लागले. भाऊराव गावोगाव फिरून मूठमूठ धान्य मागून आणीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या त्या मुलांच्या आईच झाल्या होत्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांचे एकेक दागिने गेले. एके दिवशी भाऊराव परगावी असताना कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी राहणार, हे लक्ष्मीबाईंना पाहवेना. त्यांच्यापाशी आता केवळ मंगळसूत्र उरले होते. सौभाग्याचा तो अलंकार गळ्यातून काढणे त्या काळच्या स्त्रीला किती जड गेले असेल! पण लक्ष्मीबाईंनी तो दिला आणि मुलांच्या पानांत भाकरी पडली. १९३० साली या माउलीचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार पाहण्याचे भाग्य तिला लाभले नाही.

भाऊरावांना मुलांना नुसते दानावर जगवावयाचे नव्हते. फुकट मिळालेल्या अन्नाने मान खाली जाते. स्वतःच्या कष्टाने मिळविलेल्या विद्येने ती ताठ राहते, अशी त्यांची धारणा होती. यातूनच कमवा आणि शिका ही योजना जन्मास आली. मुले शेतात राबत, खडी फोडीत, इमारतींच्या कामावर श्रमत आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत. ज्या गरिबीने त्यांना शाळेपासून दूर ठेवले होते, त्या गरिबीवर त्यांनी आपल्याच हातांनी मात केली. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद ठरले आणि वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह झाले.

खेडोपाडी शाळा काढावयाच्या, तर शिक्षक हवेत. म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापकांसाठी विद्यालय निघाले. त्यानंतर जेथे शाळा नव्हती अशा शेकडो गावांत संस्थेने प्राथमिक शाळा सुरू केल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडले. तेथे श्रम करून मुले विनामूल्य शिकू लागली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. या शाळांतून शिकलेली मुले पुढे शिक्षक झाली, अधिकारी झाली, प्राध्यापक झाली. कोरडवाहू शेताला पाणी मिळताच बियाण्याने आपला कस दाखविला!

लोकांनी प्रेमाने भाऊरावांना कर्मवीर ही पदवी दिली. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब अर्पण केला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्मान्य पदवी दिली. जो विद्यार्थी मॅट्रिकची पायरी चढू शकला नव्हता, त्याच्यापुढे विद्यापीठ आदराने नतमस्तक झाले. परीक्षेतील गुणांवरून माणसाची संपूर्ण योग्यता ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कोणते? त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, या कर्मयोग्याची प्राणज्योत मालवली.

आज शाळा गावोगाव पोचल्या आहेत. तरीही आपल्या वर्गातील एखादा विद्यार्थी वारंवार गैरहजर राहतो, त्याचा गृहपाठ अपुरा असतो, त्याला उत्तर देता येत नाही. अशा वेळी त्याला हसण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. त्याच्या घरी रात्री दिवा असतो काय, अभ्यासाला एखादा कोपरा असतो काय, शाळा सुटल्यावर त्याला कोणते काम करावे लागते, याचा विचार करावा; आणि जमेल तर आपली वही घेऊन त्याच्या शेजारी बसावे. कर्मवीरांनी लावलेल्या वटवृक्षाला आपण घातलेले ते ओंजळभर पाणीच होय.