सर एडवर्ड मेलनबी

मुडदूस म्हणजे बालकांच्या हाडांत चुना नीट न भरल्यामुळे होणारा रोग. मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, चालणे लांबते. विलायतेतील धुरकट शहरांत या रोगाने असंख्य बालके पंगू केली होती. परंतु त्याचे कारण निश्चित ठाऊक नव्हते. ते शोधण्यात ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या सर एडवर्ड मेलनबी यांचे चरित्र बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म १८८४ साली इंग्लंडातील वेस्ट हार्टलपूल या बंदरगावी झाला. केंब्रिज येथे हॉपकिन्स यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले. पुढे लंडन येथे अध्यापक असता त्यांनी कुत्र्यांची पिल्ले घरात ठेवून त्यांस धान्याच्या लापशीवर वाढविले. पिल्लांची हाडे मऊ पडून वाकली. मात्र कॉड माशाचे तेल दिलेल्या पिल्लांस रोग झाला नाही. १९१९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बर्लिन येथे हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनीही मुडदूस बरा होतो असे दाखविले. मग खरे कारण अन्न की ऊन?

या प्रश्नावर आपल्या नाशिक शहराने मोठा प्रकाश पाडला. १९२२ च्या सुमारास तेथे झालेल्या पाहणीत, सुग्रास अन्न खाणाऱ्या परंतु पडद्यात वाढणाऱ्या घरांत हा रोग आढळला; निकृष्ट अन्नावर पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुले त्यातून सुटली होती. तेलातील जे द्रव्य हाडे घडविते, तेच ऊन आपल्या त्वचेत निर्माण करिते, हे पुढे सिद्ध झाले. त्यासच आपण ड जीवनसत्त्व म्हणतो.

मेलनबी यांस पुढे 'सर' ही पदवी मिळाली. १९५० साली ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. १९५५ साली त्यांचे देहावसान झाले.

तथापि प्रत्येक वाकडा पाय उन्हाच्या अभावाचा नसतो. काही मुलांच्या मूत्रपिंडांतून स्फुरद वाहून जाते. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो व त्यास केवळ ऊन आणि तेल पुरत नाही. म्हणून रक्तातील चुना व स्फुरद तपासून आणि क्ष-किरणांनी हाडे पाहूनच उपचार ठरवावा लागतो.

पालकहो, आपल्या वर्धा जिल्ह्यात उन्हाला तोटा नाही. तरी मुले घरात कोंडून राहिली तर ते ऊन व्यर्थ होय. त्यांस कोवळ्या उन्हात खेळू द्यावे. मुलाचे पाय वाकडे दिसल्यास मातेस बोल लावू नये, प्राक्तनासही नाही. त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.