स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई गावी झाला. घरची गरिबी होती, पण ते अभ्यासात फार हुशार होते. मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे ते अमळनेरला शिकवायला आले. म्हणजे ते आपल्या जळगाव जिल्ह्यात राहिलेत! हे मला ठाऊकच नव्हतं.

नर्मदेकाठी मालसर गावी परमहंस माधवदासजी राहत. त्यांच्याकडे ते योग शिकले.

योगात पुष्कळ प्रकार आहेत. आसनांनी पाठीचा कणा लवचिक राहतो. प्राणायामात श्वासावर ताबा येतो. नेतीने नाक साफ होते. शवासनात अंगाला विसावा मिळतो. नौलीत पोट आत ओढून पोटाचे स्नायू घुसळल्यासारखे फिरवतात. ते मी चित्रात पाहिले. मला जमत नाही.

योग म्हणजे साधूंचे काम, संसारी माणसाला त्याचा काय उपयोग, असे लोकांना वाटे. माझी आजी अजून तसंच म्हणते. काही जण नुसते चमत्कार सांगत. कुवलयानंदांना ते पटेना. शरीरात खरोखर काय होते ते मोजून पाहावे, असे त्यांनी ठरवले. बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी योग करणाऱ्या माणसाच्या पोटाचे एक्स-रे काढून घेतले. नौली करताना आतड्यातला दाब यंत्राने मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला! त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. स्वतःचे नाव दिले नाही, हे मला फार आवडले.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम काढला आणि योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. त्यात प्रयोगांची माहिती छापून येई. १९२७ साली गांधीजींनीही तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता.

योग हळूहळू करावा, अंगाची ओढाताण करू नये, असे ते सांगत. मला हे आधी माहीत नव्हते. मी तक्ता बघून एकट्यानेच हलासन केलं आणि माझी मान तीन दिवस आखडली. आजीने तेल चोळले आणि योगाला खूप नावे ठेवली. मग मी तिला एक्स-रेची गोष्ट सांगितली. ती ऐकत बसली, पण मान काही डोलावली नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. कैवल्यधाम अजून लोणावळ्यात आहे.

मी आता रोज शवासन करतो. आजी म्हणते, हा झोपलाय. हलासन गुरुजी समोर असले तरच करतो.

इयत्ता ४ थी