अंधाराला डोळे देणारा संशोधक : व्लादिमिर झ्वोरिकिन

दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक म्हणून व्लादिमिर झ्वोरिकिन यांचे नाव सर्वपरिचित आहे. काळोखात शत्रूचा वेध घेणाऱ्या सैनिकाच्या दुर्बिणीमागेही त्यांचेच संशोधन होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

रशियातील मुरोम येथे १८८८ मध्ये एका सधन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सेंट पीटर्सबर्ग येथे प्रा. बोरिस रोझिंग यांच्या प्रयोगशाळेत त्यांना दूरवर चित्र पाठविण्याच्या कल्पनेने झपाटले. पहिल्या महायुद्धात त्यांनी रशियन सैन्याच्या बिनतारी विभागात काम केले. क्रांतीनंतरच्या यादवीत मायदेश सोडून १९१९ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९२४ मध्ये तेथील नागरिक बनले.

१९३० पासून 'आरसीए' कंपनीत दूरचित्रवाणीचा कॅमेरा विकसित करीत असतानाच, जॉर्ज मॉर्टन यांच्या साथीने त्यांनी एक वेगळी नलिका सिद्ध केली. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तिच्या संवेदनशील पृष्ठभागावर पडले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. उच्च विद्युतदाबाने वेग दिलेले हे इलेक्ट्रॉन प्रस्फुरक पडद्यावर आदळून हिरवट चित्र उमटवीत. याच तत्त्वावर बेतलेली 'स्नायपरस्कोप' ही दुर्बीण बंदुकीवर बसवून अमेरिकी सैनिकांनी १९४५ मध्ये ओकिनावाच्या रणभूमीवर वापरली.

या साधनाला मर्यादाही होत्या. त्याचा पल्ला तोकडा होता आणि विजेसाठी जड बॅटरी पाठीवर वाहावी लागे. सोबत अवरक्त दिवा लागत असल्याने, तशीच दुर्बीण शत्रूच्या हाती आली तर तोच दिवा सैनिकाचा ठावठिकाणा उघड करणार होता. तारकांच्या क्षीण प्रकाशावर चालणाऱ्या दुर्बिणींनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात ही अडचण दूर केली.

ज्या देशाच्या सैन्याला त्यांनी अंधारात पाहण्याची शक्ती दिली, त्याच देशाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. युद्धकाळात रशियाच्या मदतनिधीशी संबंध आल्याने 'एफबीआय'ने त्यांच्यावर पाळत ठेवली. १९४५ मध्ये नियोजित रशियाभेटीपूर्वी त्यांचा पासपोर्टही काढून घेण्यात आला. जन्मभूमीची ओढ आणि कर्मभूमीवरील निष्ठा एका मनात नांदू शकतात, हे त्या काळातील यंत्रणेला उमगले नाही.

पुढे १९६६ मध्ये त्याच देशाने त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदकाने गौरविले. २९ जुलै १९८२ रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. दूरचित्रवाणीवरील उथळ कार्यक्रमांविषयीची त्यांची नाराजी अखेरपर्यंत कायम होती.